मुक्त संगणक – लेखांक १७ : सोय गेली, मॅन्युअल राहिलं

गेल्या आठवड्यात पॉवरचं बटण दाबल्यापासून कर्नेल, मग सिस्टिमडी असं करत आपण लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोचलो होतो. नाव आणि पासवर्ड विचारणाऱ्या त्या पडद्यामागे जो प्रोग्राम असतो त्याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. ग्नोमचा जीडीएम, केडीईचा एसडीडीएम, हलक्या संगणकांवरचा लाइटडीएम ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. काम तसं मोजकंच. पडदा चालू करायचा, माणूस ओळखीचा आहे का हे पीएएम नावाच्या यंत्रणेकडून तपासून घ्यायचं, ओळख पटली की त्याचं सत्र सुरू करून द्यायचं आणि तो लॉग आउट झाला की पुन्हा पहिल्या पडद्यावर येऊन थांबायचं.

आज त्या प्रोग्रामापेक्षा त्याच्या मॅन्युअलबद्दल जास्त बोलायचंय. विषय रुक्ष वाटेल. पण लॅब सांभाळणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस खाऊन टाकण्याची ताकद प्रोग्रामातल्या दोषापेक्षा शिळ्या मॅन्युअलात जास्त असते, असं माझं मत आहे. प्रोग्राम बिघडला तर निदान काहीतरी ओरडतो. शिळं मॅन्युअल शांतपणे, व्यवस्थित मुद्दे मांडून, चुकीच्या वाटेला लावतं.

उदाहरण घेऊ ते दुरून लॉगिन करण्याच्या एका जुन्या सोयीचं. तिचं नाव एक्सडीएमसीपी. नाव तोंडात बसत नाही हे खरं, पण ज्यांनी वीस वर्षांपूर्वी लिनक्सची लॅब उभी केली त्यांना ते पाठ असेल.

एक्स विंडो ही चित्रमय पडद्याची व्यवस्था १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली. बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस ही तिच्या सुरुवातीची नावं. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि एक्स११ हे नाव कायमचं चिकटलं. तिच्या रचनेतच एक गोष्ट होती: प्रोग्राम एका यंत्रावर चालेल आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्राच्या पडद्यावर उघडेल, मधे फक्त नेटवर्कची वायर. त्या काळी ताकदवान यंत्र संस्थेत एखादंच असायचं, तेव्हा ही रचना सोयीचीच होती. १९८८ मध्ये एक्सडीएम हा पहिला डिस्प्ले मॅनेजर आला. पण वायरच्या पलीकडच्या पडद्याने 'मला लॉगिनचा पडदा दे' असं मागायचं कसं, याचे नियम ठरलेले नव्हते. ते १९८९ च्या अखेरीस कीथ पॅकार्ड यांनी लिहिले. तोच एक्सडीएमसीपी.

त्याची बोलणी मजेशीर आहेत. पलीकडचा पडदा चालू झाला की नेटवर्कवर हाक देतो: कुणी आहे का? हाक यूडीपीच्या १७७ क्रमांकाच्या पोर्टवर जाते. ज्या सर्व्हरची तयारी आहे तो 'तयार आहे' म्हणतो. ज्याची नाही तो तसं कळवतो. मग पडदा रीतसर विनंती करतो, सर्व्हर ती मान्य करून सत्राचा क्रमांक देतो, पडदा 'आता सांभाळ' म्हणतो आणि सर्व्हर उलट दिशेने येऊन त्या पडद्यावर लॉगिनची चौकट रंगवतो. अधूनमधून 'आहेस ना?' अशी विचारपूसही चालते, म्हणजे वीज गेली किंवा वायर निघाली तर सर्व्हरला कळावं. वीज जाण्याबद्दल आपल्या धाराशिव जिल्ह्यात जास्त सांगायला नको.

समजा, कळंबच्या किंवा उमरग्याच्या एखाद्या कॉलेजात एक दणकट सर्व्हर आहे आणि भंगारात निघालेले वीस संगणक आहेत. त्या वीस यंत्रांना हार्डडिस्कही नको. ती फक्त पडदा, कीबोर्ड आणि माऊस पुरवणार; सगळा विचार सर्व्हर करणार. याच कल्पनेवर १९९९ मध्ये जिम मॅक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, सुरू केला आणि जगभरच्या कमी पैशांच्या शाळांना तो परवडला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये लॉगिन व्हायचं ते एक्सडीएमसीपीनेच.

मग बिनसलं कुठे? गुप्ततेत. या व्यवस्थेत वायरवरून जे जातं ते उघड जातं. १७७ वरच्या बोलण्यांत पासवर्ड नसतो, हे खरं. पण पुढे एक्सच्या जोडणीवरून, सहसा टीसीपीच्या ६००० पासून पुढच्या पोर्टवरून, तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ जशीच्या तशी सर्व्हरपर्यंत जाते. त्याच स्विचवर कान लावून बसलेल्याला ती वाचता येते, आणि पासवर्ड म्हणजे तरी काय, लागोपाठ दाबलेल्या कळाच. जीडीएमच्या जुन्या मॅन्युअलातही हा इशारा होता आणि सोय मुळात बंदच ठेवलेली असे. ज्याला हवी त्याने कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये जाऊन स्वतः चालू करायची. एलटीएसपीने आपल्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे दोन हजारच्या दशकाच्या मध्यातच, हा रस्ता सोडून एसएसएचच्या गुप्त जोडणीतून लॉगिन घ्यायला सुरुवात केली. केडीईने २०१४ मध्ये पाचव्या प्लाझ्मासोबत जुना केडीएम सोडून एसडीडीएम जवळ केला, त्यात ही सोय आलीच नाही.

आता तर खालची जमीनच सरकली आहे. एक्सची जागा घेणारं वेलँड २००८ पासून घडत होतं. मे २०२५ मध्ये रेड हॅटने आपल्या दहाव्या एंटरप्राइज आवृत्तीतून एक्सचा सर्व्हर काढून टाकला. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ मध्ये एक्स११ चं सत्र मुळात बंद ठेवलं गेलं, आणि त्यापुढच्या ५० व्या आवृत्तीसाठी मटर आणि ग्नोम शेल या ग्नोमच्या दोन्ही भागांमधून त्याचा कोडच काढण्यात आला. उबुंटूनेही ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० मध्ये ग्नोमचं एक्स सत्र वगळलं. एक्सचं सत्रच चालणार नसेल तर दुरून एक्सचं सत्र मागण्याच्या नियमांना धरायला फांदी उरत नाही.

इथपर्यंत प्रोग्रामरचं काम. त्याने कोड काढला, चाचण्या चालवल्या, बदल नोंदवला आणि तो पुढच्या कामाला लागला. मॅन्युअल लिहिणाऱ्याचं काम यानंतर सुरू होतं.

पहिला मोह असा की एक्सडीएमसीपीचं प्रकरण शोधायचं, उडवायचं आणि हात झटकायचे. पण सोय एका प्रकरणात राहत नाही. जीडीएमचं जुनं मॅन्युअल ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे की ते चांगलं जाडजूड होतं आणि दुरून येणाऱ्या पडद्यांचे धागे त्यात सगळीकडे गेलेले होते. कॉन्फिगरेशनच्या प्रकरणात या सोयीचा स्वतंत्र विभाग: चालू की बंद, एका यंत्राला किती पडदे, एकूण किती सत्रं, किती वेळ वाट पाहायची, कोणतं पोर्ट. शिवाय कोणत्या सर्व्हरवर जायचं ते निवडून देणाऱ्या चूझर नावाच्या खिडकीचा आणखी एक विभाग. सुरक्षेच्या प्रकरणात टीसीपी रॅपर्सच्या याद्यांबद्दल सूचना, कारण त्यांच्यावरून कुणाला आत घ्यायचं ते ठरे. स्क्रिप्टच्या प्रकरणात आणखी एक बारकावा: सत्र सुरू होण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये दुरून येणाऱ्या पडद्यांसाठी एक्सडीएमसीपी याच नावाची वेगळी स्क्रिप्ट ठेवता यायची, आणि दुसऱ्या टोकाच्या यंत्राचं नाव एका व्हेरिएबलमध्ये मिळायचं. ज्या लॅबवाल्याने त्या व्हेरिएबलवर आपली हजेरीची नोंद बांधली असेल, त्याला मुख्य प्रकरण उडाल्याचं कळेल. स्क्रिप्ट कायमची गप्प झाली, हे कोण सांगणार?

त्याहून चिवट असतात ती वाक्यं, ज्यांत सोयीचं नावही नसतं. 'स्थानिक पडद्यावर अमुक होतं' असं वाक्य घ्या. दूरचा पडदा होता तोवर 'स्थानिक' म्हणण्याला अर्थ होता. तो गेल्यावर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहतं आणि वाचकाच्या मनात शंका पेरतं: म्हणजे स्थानिक नसलेला पडदा कुठेतरी असणार, तो कसा जोडायचा? शोधून बदलण्याच्या आज्ञेला असं वाक्य सापडत नाही. त्यासाठी मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, सोय वापरलेल्या माणसाने वाचावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते बहुतेक ठिकाणी होत नाही.

उलट्या बाजूची चूकही तितकीच घातक. घाईतला संपादक 'रिमोट' हा शब्द दिसेल तिथे कात्री चालवतो. पण दुरून लॉगिन करण्याच्या सगळ्याच सोयी गेलेल्या नाहीत. मार्च २०२४ च्या ग्नोम ४६ मध्ये तर नवी आली: आरडीपी या नियमांनी, टीसीपीच्या ३३८९ पोर्टवरून, गुप्त जोडणीतून येऊन जीडीएमचा लॉगिनचा पडदा दुसऱ्या यंत्रावर पाहता येतो. समोर रेमिना, ग्नोम कनेक्शन्स किंवा विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप असलं तरी चालतं. आधी व्यवस्थापकाने ठरवलेलं जोडणीचं नाव आणि पासवर्ड द्यायचा, मग नेहमीच्या पडद्यावर आपलं. एसएसएच तर कुठेच गेलेलं नाही, त्याचा आणि डिस्प्ले मॅनेजरचा संबंधही नाही. आणि वेलँड आलं म्हणून एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम बंद पडले असंही नाही; ते एक्सवेलँडच्या आधाराने चालतात. म्हणजे 'जीडीएममधून रिमोट काढलं' हे वाक्य मॅन्युअलात लिहिलं तर ते चुकीचं ठरेल. जे गेलं त्याचं पूर्ण नाव घेऊनच लिहायला हवं.

आता खरा प्रश्न. सगळे धागे सापडले, काढले. मॅन्युअल स्वच्छ झालं, एक्सडीएमसीपीचा मागमूस उरला नाही. हे चांगलं मॅन्युअल झालं का?

माझ्या मते नाही. त्या स्वच्छ मॅन्युअलकडे कोण येणार आहे ते पाहा. नवा विद्यार्थी येईल, त्याला काही फरक पडणार नाही. पण ज्याच्या लॅबमध्ये ही सोय कालपर्यंत चालू होती आणि आज नवी आवृत्ती टाकल्यावर वीसच्या वीस पडदे काळे पडले, तोही येणार आहे. तो मॅन्युअलात एक्सडीएमसीपी शोधतो. काहीच मिळत नाही. त्याला वाटतं, आपण चुकीच्या पानावर आलो. मग तो इंटरनेटवर शोधतो, आणि तिथे २००८ सालचा एखादा लेख अगदी वर हसत उभा असतो. चॅटबॉटला विचारलं तरी तो त्याच जुन्या लेखांवर पोसलेला, तो तेच सांगतो: कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये एक्सडीएमसीपीचा विभाग लिहा, चालू करा, फायरवॉलमध्ये १७७ उघडा, जीडीएम पुन्हा सुरू करा.

माणूस तसं करतो. ज्या आवृत्तीतून सोय गेली आहे ती त्या ओळी वाचतच नाही. पण वाचत नाही असंही म्हणत नाही. अनोळखी विभाग दिसला तर बहुतेक प्रोग्राम मुकाट्याने पुढे जातात. जीडीएम पुन्हा सुरू केल्याने त्या यंत्रावर कुणी काम करत असेल तर त्याचं सत्र तेवढं उडतं. पडदे काळेच. आणि संध्याकाळी कंटाळून माणूस घरी जातो तेव्हा फायरवॉलमधलं भोक मात्र उघडंच राहिलेलं असतं. सुरक्षेसाठी काढलेल्या सोयीमुळे सुरक्षा कमी झाली, ती एक ओळ लिहायची राहिली म्हणून.

धाराशिवच्या वाचकाला यातली अडचण आणि तिचा उपाय दोन्ही ओळखीचे वाटावेत. १९७२ चं उस्मानाबाद जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडा. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे सगळे त्यात आपल्याच जिल्ह्यात सापडतील. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर वेगळा जिल्हा झाला. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नावही बदललं. तरी त्या गॅझेटिअरला कुणी चुकीचं म्हणत नाही, कारण त्यावर साल छापलेलं आहे आणि ते पाहून वाचणारा स्वतःच हिशोब करतो. शिवाय मधल्या काळातल्या पाट्यांवर आणि कागदांवर 'धाराशिव, पूर्वीचे उस्मानाबाद' अशी जोड दिसते, ती कुणाला अडचण वाटत नाही. जुना कागद हातात घेऊन आलेल्या माणसाला नव्या नावापर्यंत आणून सोडण्याचं काम ती जोड करते. जुन्या दप्तरात नाव खोडून नवं लिहीत बसलं असतं तर १९८२ आधीचा निलंग्याचा कागद शोधणारा माणूस कुठे गेला असता?

संगणकाच्या मॅन्युअलांना नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. पानावर साल नसतं, आवृत्ती नसते; आणि 'पूर्वीचे' नसतं. मुद्रित पुस्तकाला दोन्ही आपोआप मिळायच्या, कारण नवी आवृत्ती छापली तरी जुनी कपाटात राहायची. पडद्यावरचं पान बदललं की जुनं पान नाहीसंच होतं. आणि यंत्रं तर एका रात्रीत बदलत नाहीत. रेड हॅटची आठवी एंटरप्राइज आवृत्ती २०२९ पर्यंत आणि नववी २०३२ पर्यंत सांभाळली जाणार आहे, उबुंटू २४.०४ ची नेहमीची मुदत २०२९ पर्यंत आहे. म्हणजे सोय असलेली आणि नसलेली यंत्रं एकाच जिल्ह्यात, कदाचित एकाच इमारतीत, आणखी काही वर्षं शेजारी शेजारी चालणार. दोन्हीकडच्या माणसांना आपापलं मॅन्युअल लागणार.

म्हणून काढलेल्या सोयीची नोंद मॅन्युअलात ठेवावी, निदान त्या जुन्या आवृत्त्यांची मुदत संपेपर्यंत. नोंद लांबलचक नको. मी लिहिली तर साधारण अशी लिहीन:

'एक्सडीएमसीपी, यूडीपी पोर्ट १७७. या आवृत्तीत ही सोय नाही. सोय असलेली शेवटची आवृत्ती अमुक. तिचं मॅन्युअल अमुक ठिकाणी आहे. ही जोडणी गुप्त नव्हती आणि एक्स११ च्या सत्रावर अवलंबून होती, म्हणून काढली. कॉन्फिगरेशनच्या फाइलमधला एक्सडीएमसीपीचा आणि चूझरचा विभाग आता वाचला जात नाही. दोन्ही काढून टाका. त्याच नावाची स्क्रिप्ट ठेवली असेल तर ती चालणार नाही. फायरवॉलमध्ये यासाठी १७७ उघडलं असेल तर बंद करा. दुरून लॉगिनसाठी आरडीपीचं प्रकरण पाहा. हार्डडिस्क नसलेल्या जुन्या टर्मिनलवर तो पर्याय जसाच्या तसा चालत नाही.'

यातलं शेवटचं वाक्य लिहायला लोक कचरतात. नव्या सोयीची जाहिरात करण्याच्या भरात 'याऐवजी आरडीपी वापरा' एवढंच लिहिलं जातं, जणू अदलाबदल सरळ आहे. ती नाही. जुन्या व्यवस्थेत पलीकडच्या यंत्रावर एक्सचा सर्व्हर असला की पुरे. आरडीपीसाठी त्या यंत्रावर आरडीपी समजणारा प्रोग्राम हवा, आणि इकडे सर्व्हरला प्रत्येक सत्राचं चित्र तयार करून, दाबून, गुप्त करून पाठवावं लागतं. वीस पोरांची बॅच एकदम बसली तर त्याचा ताण सर्व्हरवर येतो. ज्यांची यंत्रं बऱ्यापैकी आहेत त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे. एलटीएसपी २०१९ मध्ये ग्रीसच्या अल्किस जॉर्जोपुलोस यांनी नव्याने लिहिला. त्यात सर्व्हर फक्त डिस्कची प्रतिमा नेटवर्कवरून पुरवतो आणि प्रोग्राम समोरच्याच यंत्रावर चालतात. लाइटडीएममध्ये एक्सडीएमसीपी अजून आहे, पण ते बाहेरच्या जगापासून तोडलेल्या लॅबपुरतंच वापरावं. मॅन्युअलने हे सगळं सांगून निवड वाचकावर सोडावी. वाचक लॅब चालवतो, त्याला आपल्या यंत्रांचं वय माहीत असतं.

सोय काढण्याआधी इशारा देणं हाही मॅन्युअलचाच भाग. 'पुढे जाणार आहे', 'मुळात बंद आहे', 'काढली' अशा तीन पायऱ्या असाव्यात आणि प्रत्येकीला आवृत्तीचा क्रमांक असावा. ग्नोमने एक्स११ च्या बाबतीत तसं केलं: ४९ मध्ये बंद, कोड त्यानंतर काढला. मधल्या सहा महिन्यांत ज्याला ओरडायचं त्याने ओरडून घ्यावं. याउलट २००८ मध्ये जीडीएम नव्याने लिहिला गेला, २.२२ ही त्याची आवृत्ती, तेव्हा थीम बदलण्याची सोय आणि जीडीएमसेटअप ही सेटिंगची खिडकी एकदम दिसेनाशी झाली. फेडोरा ९ ने तो त्याच वर्षी घेतला; उबुंटू २००९ च्या ९.१० पर्यंत जुन्यावरच थांबला. तेव्हाच्या जुन्या सूचना पाहून नव्या जीडीएमवर थीम टाकण्याची धडपड लोक पुढे कितीतरी वर्षं करत होते.

थोडं मराठीबद्दल, कारण इंग्रजी मॅन्युअल दुरुस्त झालं की काम संपलं असं मानण्याची सवय आहे. ग्नोममधल्या मजकुराचे अनुवाद पीओ नावाच्या फाइलींत असतात. मराठीची फाइल 'एमआर' या खुणेने ओळखली जाते. ग्नोमच्या मराठीकरणाचं बरंच काम पुण्यात, रेड हॅटच्या कार्यालयातल्या मंडळींनी केलं आणि लोहित हा फाँटही रेड हॅटनेच खुला करून दिला. या पीओ फाइलींची एक रीत मला फार आवडते. मूळ इंग्रजी वाक्य थोडं बदललं तर जुन्या अनुवादावर 'फझी' अशी खूण लागते आणि कुणी तपासेपर्यंत तो वापरला जात नाही. पडद्यावर तेवढं वाक्य इंग्रजीत दिसतं. आणि मूळ वाक्य पूर्ण काढलं तर त्याचा अनुवाद फाइलच्या तळाशी जातो, ओळीआधी हॅश आणि टिल्ड ही दोन चिन्हं लागून. तो पुसला जात नाही. उद्या ते वाक्य परत आलं तर अनुवाद तयार असतो, आणि कुणाला पाहायचं असेल तर पूर्वी इथे काय होतं ते दिसतं. अनुवादकांच्या हत्यारांना जी अक्कल आहे ती मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी उचलायला काय हरकत आहे?

या रीतीचा मराठी वाचकाला एक तोटाही आहे, तो सांगायला हवा. इंग्रजी मजकुरात एक शब्द बदलला तरी मराठी ओळ बाद होते. मोठ्या साफसफाईनंतर अशा शेकडो ओळी एकदम फझी होऊ शकतात, आणि तपासणारे हात मराठीत नेहमीच कमी. म्हणून सोय काढताना फक्त गरज असेल तेवढीच वाक्यं बदलावीत. त्या निमित्ताने सगळ्या मॅन्युअलची भाषा घासूनपुसून घेण्याचा उत्साह आवरावा. इंग्रजीत ज्याला सुधारणा म्हणतात, त्याने मराठीतलं पान अर्धं इंग्रजी होतं.

आता आपल्या कामाचं. तुमच्या कॉलेजात, शाळेत किंवा संगणक केंद्रात लिनक्सची लॅब असेल तर भिंतीवर किंवा ड्रॉवरमध्ये सूचनांचा एक कागद नक्की असेल. तो कुणीतरी कधीतरी लिहिलेला, पुढच्याने झेरॉक्स केलेला. त्यावर एक्सडीएमसीपी, १७७ किंवा चूझर यांतलं काही आहे का ते बघा. असेल तर आधी त्या यंत्रांवरच्या जीडीएमची आवृत्ती तपासा आणि १७७ वर काही ऐकत बसलंय का ते पाहा. त्यासाठीच्या आज्ञा इथे छापत नाही, कारण देवनागरीत छापलेली आज्ञा टाइप करून चालत नाही. तुमच्या यंत्राच्या मॅन पेजमध्ये त्या मिळतील. सोय चालू असेल आणि त्या वायरवर बाहेरचं इंटरनेटही असेल, तर ती आजच बंद करा. सोय गेलेली असेल तर फायरवॉलमधलं पोर्ट बंद करा आणि कागद बदला. जुना कागद फाडू नका. त्यावर 'अमुक आवृत्तीपर्यंत लागू' असं लिहून तारीख टाका आणि नव्याच्या मागे लावून ठेवा.

ज्यांना इंग्रजी आणि मराठी दोन्ही बऱ्यापैकी येतं अशा विद्यार्थ्यांना आणखी एक काम. ग्नोमच्या भाषांतराच्या संकेतस्थळावर मराठीची यादी आहे. त्यात कोणत्या प्रोग्रामाचा किती मजकूर बाकी आहे आणि किती फझी आहे ते दिसतं. जीडीएमची फाइल छोटी आहे, सुरुवातीला तीच घ्या. पाठवलेला अनुवाद तपासला जाऊन पुढच्या आवृत्तीत आला, तर लॉगिनच्या पडद्यावर तुम्ही लिहिलेली ओळ राज्यभरातल्या संगणकांवर दिसेल. पुढच्या आठवड्यात पीएएम.